व्हॅलेटाच्या धक्क्यावरून: गुडघ्यांना झेपेल अशी सहल कशी निवडावी

भूमध्य समुद्रातील क्रूझवर गेलेल्या मराठी कुटुंबात सत्तरीच्या आसपासचे एखादे माणूस हमखास असते, आणि बंदर येण्याच्या आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर ‘उद्याचे आईंना झेपेल ना?’ हा प्रश्नही हमखास निघतो. त्याचे उत्तर बहुधा अंदाजाने किंवा मायेने दिले जाते. अंदाज चुकला तर ते माणूस भर उन्हात एखाद्या दुकानाच्या पायरीवर बसून बाकीच्यांची वाट पाहते; माया जास्त झाली तर ते दिवसभर जहाजावरच राहते आणि ज्या शहरासाठी एवढा खर्च केला ते त्याला डेकवरून दिसते. ही निवड नीट कशी करावी, हे माल्टाची राजधानी व्हॅलेटा या बंदराच्या आधाराने सांगते, कारण तेथे सोपे आणि अवघड इतके शेजारी-शेजारी नांदतात की एक वळण चुकले तरी सपाट रस्त्याचा जिना होतो.

शहर असे का झाले, हे समजले की निवडीचे निम्मे काम होते. 1565 साली तुर्कांचा मोठा वेढा परतवून लावल्यानंतर तेव्हा माल्टावर राज्य करणाऱ्या सेंट जॉनच्या सरदारांनी, म्हणजे एका ख्रिस्ती लष्करी पंथाने, 28 मार्च 1566 रोजी या नव्या शहराची पायाभरणी केली, त्यांचे प्रमुख ज्याँ द ला व्हालेत यांचे नाव त्याला दिले आणि फ्रान्सेस्को लापारेल्ली या इटालियन लष्करी स्थापत्यकाराने त्याचा आराखडा आखला. जागा होती समुद्रात घुसलेल्या एका अरुंद, खडकाळ सोंडेवरची. टेकाडाचा माथा छाटून सपाट करावा आणि मग त्यावर पटावरच्या घरांसारखे रस्ते काढावेत, असा मूळ बेत होता. पण तुर्क पुन्हा येतील ही धास्ती होती, काम घाईचे होते, आणि माथा छाटण्याचा विचार सोडून द्यावा लागला. रस्ते मात्र कागदावर आखले तसेच सरळ काढले गेले. त्यामुळे सोंडेच्या कण्यावरून जाणारे रिपब्लिक स्ट्रीट आणि मर्चंट्स स्ट्रीट हे लांब रस्ते बराच वेळ चालण्याजोगे आहेत, तर त्यांना छेदणाऱ्या आडव्या गल्ल्या दोन्ही बाजूंना समुद्राकडे उतरत जातात आणि त्यांतील कित्येकींचा मध्येच सरळ दगडी जिना होतो. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर व्हॅलेटा ही एखाद्या गडाची माची आहे. माचीवर माणूस रमतगमत तासभर फिरू शकतो. दम निघतो तो माचीपर्यंतच्या चढात आणि हौसेने तटापर्यंत उतरून परत वर येताना.

म्हणून किलोमीटरवर फारसे विसंबू नये. पुस्तिकेत ‘चालणे दोन किलोमीटर’ असे लिहिलेले असते, आणि रोज सकाळी बागेत चार किलोमीटर चालणाऱ्या माणसाला ते ‘काहीच नाही’ वाटते. माझ्या सासूबाई त्यांतल्याच. आमच्या एका आधीच्या बंदरात ‘सोपी’ म्हणून घेतलेल्या सहलीत मार्गदर्शक एका चौकात थांबून बराच वेळ इतिहास सांगत राहिला; आजूबाजूला एकही बाक नव्हता, आणि त्या चौकानंतर सासूबाईंना एक पाऊलही टाकवेना. त्या मला म्हणाल्या, “अगं, चालायला मला काही होत नाही, उभं राहणं होत नाही.” त्या एका वाक्याने आमची सहली निवडण्याची रीत बदलली. चालताना पायांतले रक्त खेळते राहते आणि वजन आलटून-पालटून दोन्ही पायांवर पडते. एका जागी उभे राहिल्यावर मात्र सगळा भार कंबर, गुडघे आणि टाचा यांवर साचतो. ऐतिहासिक शहरातील सहलीत उभे राहणेच अधिक असते, आणि पुस्तिकेत ते कोठेही लिहिलेले नसते.

तेव्हा निघण्याच्या महिनाभर आधी घरच्या घरी अंदाज घ्यावा. कोठेही न टेकता किती मिनिटे उभे राहता येते, ते घड्याळ लावून पाहावे. वीस मिनिटे जमत असतील तर बहुतेक मार्गदर्शित सहली चालतील, दहाच्या आत पाय बोलू लागले तर बाकांची सोय पाहूनच पुढे जावे. रेल्वेच्या पादचारी पुलाचा जिना कठडा धरून एका दमात चढता येतो का, हे पाहावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो उतरता येतो का, हेही पाहावे. झिजलेले गुडघे चढताना कुरकुरतात, पण उतरताना दगा देतात. एस.टी.ची पहिली पायरी जेवढी उंच असते तेवढी पायरी कोणाचा हात न धरता चढता येते का, हेही पाहावे, कारण सहलीच्या बसमध्ये दिवसातून पाच-सहा वेळा चढ-उतार करावी लागते. ज्यांचे गुडघे किंवा खुबे बदललेले आहेत, ज्यांना हृदयाचा त्रास आहे किंवा तोल जातो, त्यांनी ही चाचणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. चाचणीचे आकडे त्या दिवशीच कागदावर लिहून ठेवावेत. जहाजावर गेल्यावर उत्साहाने प्रत्येक जण दहा वर्षांनी तरुण होतो.

पुस्तिकेतील शब्दही वाचता आले पाहिजेत. बहुतेक क्रूझ कंपन्या प्रत्येक सहलीशेजारी श्रमाची पातळी दाखवणारी छोटी चित्रे छापतात, पण ‘मध्यम’ म्हणजे किती, याचे माप कंपनीगणिक वेगळे असते. ‘पॅनोरमिक’ सहल म्हणजे बहुतांश वेळ बसमध्ये बसून काचेतून पाहणे; शहराचा अंदाज घ्यायला ती वाईट नाही, पण व्हॅलेटाचा कणा पादचाऱ्यांसाठी राखलेला असल्याने बसमधून या शहराचे बाहेरचे तटच तेवढे दिसतात. ‘पाऊलवाट असमतल’ हे वाक्य जवळपास प्रत्येक सहलीखाली असते, त्यामुळे त्याचा उपयोग शून्य. ‘काही पायऱ्या’ या शब्दांवर मात्र बोट ठेवून सहलीच्या काउंटरवर जावे आणि विचारावे: पायऱ्या किती, एकदम की टप्प्याटप्प्याने, आणि बाजूला कठडा आहे का? बस जेथे सोडते तेथून पहिले ठिकाण किती लांब आहे, मार्गदर्शक सर्वांत जास्त वेळ कोठे उभा राहतो, स्वच्छतागृह वर आहे की तळघरात, कानाला लावायचे यंत्र मिळते का, हेही विचारावे. शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण कानात आवाज येत असेल तर मार्गदर्शकाच्या खांद्याला चिकटून उभे राहावे लागत नाही. वीस पावलांवरच्या बाकावर बसूनही सगळे ऐकू येते. सर्वांत मोलाचा प्रश्न आहे तो मध्येच सोडून परतता येते का हा. काउंटरवरच्या माणसाने “सगळे करतात, काही अवघड नाही” असे उत्तर दिले तर ते उत्तर धरू नये आणि आकडा मागावा.

आता व्हॅलेटापुरते बोलू. मोठी क्रूझ जहाजे येथे थेट धक्क्याला लागतात, त्यामुळे छोट्या होडीत उतरण्याची दगदग नसते. धक्का फ्लोरियाना या उपनगराच्या पायथ्याशी आहे. सरदारांचे नंतरचे एक प्रमुख, ग्रँड मास्टर पिंटो, यांनी 1752 साली बांधलेल्या गोदामांची रंगीत दारांची रांग तेथे उतरताच दिसते. शहर मात्र डोक्यावर असते, पिवळसर दगडाच्या उंच तटांच्या वर. येथेच अनेक जण घाई करतात आणि ‘जवळच तर आहे’ म्हणत रस्त्याने चढू लागतात. तसे करू नये. गोदामे मागे टाकून पाण्याच्या कडेने शहराच्या बाजूला सावकाश पंधरा-वीस मिनिटे चालत गेले की तटाला लागून बाराक्का लिफ्ट उभी आहे. ती 58 मीटर उंच आहे आणि अर्ध्या मिनिटाच्या आत माणसाला थेट अप्पर बाराक्का बागेत नेऊन सोडते. 1905 पासून येथे अशीच एक लिफ्ट होती. ती 1973 मध्ये बंद झाली, पुढे काढून टाकली गेली, आणि आजची लिफ्ट डिसेंबर 2012 मध्ये सुरू झाली. रायगडाला रोपवे झाल्यावर ज्यांनी गड कधीच पाहिला नसता अशा कितीतरी आजी-आजोबांनी महाराजांची समाधी पाहिली; व्हॅलेटात ते काम ही लिफ्ट करते.

तिच्याबद्दल दोन सावधगिऱ्या आहेत. एका सकाळी दोन-तीन जहाजे लागली असतील तर लिफ्टखाली रांग लागते, आणि रांग म्हणजे पुन्हा उभे राहणे. म्हणून जहाजातून अगदी पहिल्या गर्दीत तरी उतरावे किंवा साडेदहानंतर निवांत तरी. दुसरे, कोणतीही लिफ्ट देखभालीसाठी बंद असू शकते, म्हणून उतरण्याआधी चौकशी करावी, आणि बंद असेल तर धक्क्यावरूनच टॅक्सी करून शहराच्या मुख्य दरवाजापाशी जावे. तो दरवाजा आणि शेजारचे संसद भवन रेन्झो पियानो यांनी नव्याने रचले आहे, आणि तेथून रिपब्लिक स्ट्रीट सरळ सुरू होतो. सुरुवातीचा निम्मा रस्ता सौम्य आहे. पुढे सेंट एल्मो किल्ल्याकडे तो उतरत जातो. किल्ला पाहायचा असेल तर परतीचा चढ आपल्याच पायांनी चढायचा आहे, हे उतरण्याआधी आठवावे.

बागेतून सेंट जॉन को-कॅथेड्रल, म्हणजे सरदारांचे मोठे चर्च, पाचशे मीटरच्या आसपास आहे, आणि ज्याला दिवसभरात एकच गोष्ट झेपणार असेल त्याने हीच निवडावी. जिरोलामो कासार यांनी 1570 च्या दशकात बांधलेली ही वास्तू बाहेरून एखाद्या कोठारासारखी साधी दिसते आणि आत सोन्याने मढलेली आहे. मात्तिया प्रेती यांनी रंगवलेले छत पाहायला मान वर करावी लागते आणि सुमारे 400 सरदारांच्या रंगीत संगमरवरी थडग्यांची फरशी पाहायला खाली. ज्यांचा तोल जातो त्यांनी छत चालता-चालता पाहू नये, बसून किंवा खांबाला टेकून पाहावे. कॅराव्हॅजिओ या इटालियन चित्रकाराचे 1608 सालचे ‘संत जॉनचा शिरच्छेद’ हे प्रचंड चित्र बाजूच्या दालनात आहे. चित्रात सांडलेल्या रक्तातच त्याने आपली सही केली आहे, आणि त्याची सही असलेले दुसरे चित्र ज्ञात नाही. फरशी जपण्यासाठी टोकदार टाचांच्या चपला आत चालत नाहीत, खांदे झाकलेले लागतात, आणि रविवारी पर्यटकांना प्रवेश नसतो. साडी नेसलेल्या बाईला खांद्यांची चिंता नाही. जहाज रविवारी लागणार असेल तर मात्र बेत वेगळा करावा.

शहराबाहेरच्या सहलींत मदिना ही जुनी राजधानी सर्वांत सोपी. सुमारे 12 किलोमीटरवरच्या टेकडीवर ती आहे, पण टेकडी बस चढते. वेशीच्या दारापाशी उतरले की आतल्या गल्ल्या बऱ्याच सपाट, सावलीच्या आणि गाड्यांच्या वर्दळीपासून मोकळ्या आहेत. त्याच सहलीत शेजारच्या रबात गावातील भुयारी दफनभूमी जोडलेली असेल तर तेवढा भाग सोडावा, कारण तेथील पायऱ्या अरुंद आणि उभ्या आहेत. हजार ईम या पाच हजार वर्षांहून जुन्या मंदिराचे आवार बेताचे आहे. तेथून म्नायद्रा मंदिराकडे जाणारी सुमारे पाचशे मीटरची उघडी वाट मात्र समुद्राकडे उतरते आणि येताना चढते, तीही सावलीशिवाय. पहिले मंदिर पाहून थांबण्यात काही कमीपणा नाही. हाल साफ्लिएनी येथील हायपोजियम हे भूमिगत दफनस्थान अप्रतिम आहे, पण एका वेळी दहाच जणांना सोडतात, तिकिटे कित्येक आठवडे आधी संपतात आणि आत ओलसर, अरुंद पायऱ्या आहेत; कमजोर गुडघ्यांसाठी ते नाही. मार्साश्लोक हे मासेमारीचे गाव पाण्यालगत सपाट पसरले आहे, तेथील ‘लुत्सु’ होड्यांच्या नाळेवर डोळ्यांची जोडी रंगवलेली असते, आणि खुर्चीवर बसून तासभर बंदर न्याहाळणे हीच तेथील सहल. रविवारी बाजाराची गर्दी असते, एवढे ध्यानात ठेवावे.

पाण्यावरची सहल ही आणखी चांगली वाट. लिफ्टच्या पायथ्याजवळून समोरच्या ‘थ्री सिटीज’ या जुन्या गावांकडे फेरीबोट जाते आणि तिच्यात नीट बसायला जागा असते. ‘दायसा’ ही छोटी पारंपरिक नाव दिसायला फार गोड, आणि वल्हवणारा हात पुढे करून बोलावतो तेव्हा नाही म्हणवत नाही. पण तिच्यात चढताना एक क्षण असा येतो की मागचा पाय धक्क्याच्या दगडावर असतो, पुढचा हलत्या फळीवर, आणि नाव नेमकी तेव्हाच हातभर लांब सरकते. दोन डगरींवर पाय ही म्हण मला तेथे शब्दशः समजली. ज्याला घरी खुर्चीचा हात न धरता उठता येत नाही त्याने फेरीच धरावी. घोडागाडी, म्हणजे ‘कारोत्सिन’, हीदेखील उंच पायरीची असते. बसल्यावर आराम आहे, बसणे हाच प्रश्न आहे. आणि दुमजली उघड्या बसचा वरचा मजला मनातून काढून टाकावा. चालत्या बसमधला वळणदार जिना उतरताना पडण्यापेक्षा खालच्या मजल्याची काच बरी.

जहाजाची सहल घ्यावी की आपली आपण करावी, याबद्दल दोन मते असतात. दूरच्या ठिकाणी, उदाहरणार्थ मदिनाला, मी जहाजाचीच घेईन, कारण बस रस्त्यात अडकली तरी त्या सहलीतल्या प्रवाशांची जबाबदारी जहाजाची असते. स्वतः गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही. खुद्द व्हॅलेटासाठी मात्र आपापले फिरणेच श्रेयस्कर. चाळीस जणांचा घोळका जवान पायांच्या वेगाने चालतो, आणि मागे पडलेले माणूस धापा टाकत पोहोचते तोवर मार्गदर्शकाचे बोलणे संपून घोळका पुढे सरकलेला असतो. म्हणजे ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती मिळत नाही. आपल्या वेळेने फिरताना दर वीस मिनिटांनी बसता येते, आणि कंटाळा आला तर लिफ्ट आहेच.

व्हॅलेटाचा चुनखडीचा दगड शेकडो वर्षांच्या पावलांनी घोटून गुळगुळीत झाला आहे. पावसाचा शिडकावा झाला तर तो तेल सांडल्यासारखा होतो. रबरी तळव्याचे बंद बूट घालावेत, काठीचे झिजलेले बूच निघण्यापूर्वी बदलावे, आणि नवे बूट या सहलीत पहिल्यांदा घालू नयेत. जुलै-ऑगस्टमध्ये पारा तिशीच्या वर असतो आणि फिक्या भिंतींवरून उन्हाची तिरीप डोळ्यांत येते, म्हणून टोपी आणि गडद चष्मा हवा. मधुमेहींनी गोळ्या आणि खाणे सहलीच्या पिशवीत ठेवावे, केबिनमध्ये नव्हे. चाकाची खुर्ची लागत असेल तर ती घरूनच आणावी किंवा आधी भाड्याने ठरवावी. जहाजावरची खुर्ची बहुधा उतरण्या-चढण्यापुरतीच असते. घडीचे हलके स्टूल नेण्याची काही जणांना लाज वाटते. सासूबाईंनाही वाटली, पहिल्या दिवशी.

हेच माप मुंबईहून निघणाऱ्या क्रूझवर कोचीला लावले तर उत्तर उलटे येते. फोर्ट कोची सपाट आहे, चढ नाहीतच. तेथे माणसाला थकवते ती दमट हवा. मट्टांचेरीच्या राजवाड्यातील भित्तिचित्रे वरच्या मजल्यावर आहेत, आणि 1568 सालच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, पादत्राणे काढावी लागतात, म्हणजे वाकून बूट काढणे आणि घालणे आले. कोचीत म्हणून चढाची चौकशी करण्याऐवजी सकाळी लवकर निघणे आणि रिक्षा दिवसभरासाठी ठरवणे महत्त्वाचे.

आमचा व्हॅलेटातील दिवस असा गेला. साडेनऊला उतरलो, दहाच्या सुमारास लिफ्टने वर आलो आणि आधी कॅथेड्रल पाहिले, कारण पाय ताजे असताना उभे राहण्याचे काम उरकावे. साडेअकराला बागेत परतून कमानींच्या सावलीत बाक पकडला. बाराला खालच्या गच्चीवरून सलामीची तोफ उडते, आणि तिच्यासाठी कठड्याशी माणसांच्या तीन-तीन ओळी लागतात. खाली तोफांपाशी जायला तिकीट आणि पायऱ्या आहेत, पण धूर आणि आवाज वरच्या बाकावरही पुरेसा पोहोचतो. सासूबाई दचकल्या, मग हसल्या, आणि समोरच्या बंदराकडे बघत आणखी अर्धा तास तेथेच बसून राहिल्या. आम्ही दोघे तेवढ्यात एक जिन्याची गल्ली उतरून-चढून आलो. दोन वाजता लिफ्टने खाली, तीनला जहाजावर. शेवटच्या चढण्याच्या वेळेला दीड तास बाकी होता, आणि तेवढा राखून ठेवावाच.

सहली आरक्षित करतानाही एकामागून एक बंदरे घेऊ नयेत. रद्द करण्याची मुदत बहुतेक जहाजांवर एक-दोन दिवस आधीच संपते, म्हणजे सकाळी पाय सुजलेले दिसले तरी पैसे परत मिळत नाहीत. व्हॅलेटासारख्या बंदरानंतर समुद्रातला दिवस असेल तर उत्तम. नसेल तर पुढच्या बंदरासाठी फक्त अर्ध्या दिवसाची, दुपारी सुरू होणारी सहल घ्यावी.